पाळीव अजगराचा श्वासाचा आजार उलटतो तेव्हा

बॉल पायथनला श्वसनमार्गाचा संसर्ग झाला, डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, काही दिवसांत नाकपुडीतला फेस थांबला, प्राणी पुन्हा खाऊ लागला आणि दोन-तीन महिन्यांनी तोंडात तोच चिकट द्रव दिसू लागला, ही तक्रार अजगर पाळणाऱ्यांमध्ये सर्रास ऐकू येते. अशा वेळी बहुतेक पालक ‘मागच्या वेळचेच औषध पुन्हा द्या’ म्हणून डॉक्टरांना गळ घालतात, आणि पुष्कळदा डॉक्टरही ते मान्य करतात. माझ्या मते घोटाळा नेमका इथेच होतो. आजार उलटण्यामागे मुख्यतः तीन शक्यता असतात. पहिला संसर्ग वरवर शमला होता, पण फुफ्फुसातून गेलेलाच नव्हता; किंवा तो खरोखर बरा झाला होता, पण ज्या पेटीत प्राणी राहतो तिथल्या परिस्थितीने नवा संसर्ग ओढवून घेतला; किंवा दर वेळी सापडणाऱ्या जिवाणूंच्या मागे एखादा विषाणू ठाण मांडून बसला आहे आणि प्रतिजैविकांचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आपल्या अजगराच्या बाबतीत यांतली कोणती शक्यता खरी आहे, याचा छडा लावणे हे पहिले काम.

पुढे दिलेले आकडे बॉल पायथनचे आहेत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बुटका, शांत अजगर जगभर सर्वाधिक पाळला जातो. आपल्याकडच्या जंगलातला भारतीय अजगर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. तो घरात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि असा आजारी किंवा जखमी अजगर दिसल्यास महाराष्ट्रात वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. बॉल पायथन साइट्स कराराच्या (वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करार) परिशिष्ट 2 मध्ये येत असल्यामुळे भारतात तो बाळगणाऱ्याने 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश 2.0’ या संकेतस्थळावर त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे. हा मुद्दा इथे आणण्याचे कारण इतकेच की, कागदपत्रे नसलेला पालक दवाखान्यात जायला कचरतो, आणि श्वसनाच्या आजारात गेलेला प्रत्येक आठवडा महागात पडतो.

सापाचे फुफ्फुस इतके हट्टी का

सापाला छाती आणि पोट वेगळे करणारा श्वासपटल नसतो, त्यामुळे आपल्यासारखे जोरात खोकून कफ बाहेर फेकणे त्याला जमत नाही. अजगरांना दोन फुफ्फुसे असतात, पण उजवे लांबलचक आणि डावे त्यामानाने आखूड असते. उजव्याच्या पुढच्या भागात प्राणवायूची देवाणघेवाण होते आणि मागचा भाग हवेच्या पातळ पिशवीसारखा असतो, जिथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. प्राणी आडवा असल्यामुळे स्राव तिथे साचून राहतो आणि रक्तातून येणारे औषध तिथे पुरेसे पोहोचत नाही. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो. तो चक्क्यासारखा घट्ट असतो, आणि असा गोळा फुफ्फुसात जमला की त्याच्या आतले जिवाणू औषधापासून सुरक्षित राहतात. बाहेरची लक्षणे थांबल्यावर आपण निर्धास्त होतो, आत मात्र बीज शिल्लक राहते.

यामुळेच लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मान उंचावून बसणे, नाकपुड्यांत बुडबुडे, श्वासाबरोबर ओलसर खरखर किंवा टकटक असा आवाज आणि जिभेभोवती ताणला जाणारा लाळेसारखा द्रव ही ठळक चिन्हे आहेत. त्याआधीचे एक चिन्ह पुष्कळांच्या नजरेतून सुटते: पेटीच्या पुढच्या काचेवर, नाकाच्या उंचीवर, वाळलेल्या लाळेचे पांढुरके फराटे. काच रोज पुसण्याआधी ती उजेडात तिरकस नजरेने पाहण्याची सवय लावली, तर हे फराटे इतर लक्षणांच्या आधी हाती लागू शकतात. उलट, कात टाकण्याच्या दिवसांत नाकपुडीत जुनी त्वचा अडकून बारीक शीळ ऐकू येणे नेहमीचे आहे. कात पडल्यावर ती थांबली आणि तोंडाच्या आत स्राव नसला, तर काळजीचे कारण नाही. ती पुढेही चालू राहिली, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

तोंडात पाहायचे असेल तर डोके अंगठा आणि तर्जनीत हलके धरून, खालच्या ओठाची कड पुढच्या बाजूने मऊ प्लास्टिकच्या पातळ पट्टीने अलगद खाली घ्यावी. तोंडाच्या तळाशी, जिभेच्या म्यानाच्या मागे एक उभी फट उघडझाप करताना दिसते. ते श्वासनलिकेचे तोंड. निरोगी प्राण्यात आतली त्वचा फिकट गुलाबी आणि ओलसर असते, पण द्रव साचलेला नसतो. लालसरपणा, रक्ताचे बारीक ठिपके, त्या फटीतून श्वासाबरोबर वर येणारा फेस किंवा पिवळट घट्ट तुकडे दिसले तर मोबाईलवर चित्रफीत घ्यावी, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत प्राण्याने ते गिळून टाकलेले असू शकते. श्वास आधीच अडखळत असेल तर मात्र हा उद्योग घरी करू नये. धरपकडीच्या ताणाने त्याची अवस्था आणखी बिघडते.

पेटी मोजून तपासावी

‘पेटी गरम आहे, हात लावून पाहिलंय’ या वाक्याला काडीचा अर्थ नाही. सापाची प्रतिकारशक्ती त्याच्या शरीराच्या तापमानावर अवलंबून असते, आणि ते तापमान त्याला बाहेरूनच मिळते. बॉल पायथनच्या पेटीत उबदार बाजू 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड बाजू 25 ते 27 अंश असावी, रात्रीही पारा 24 च्या खाली जाऊ नये. काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या स्वस्त मापकांवर विसंबू नये. तारेला संवेदक असलेले दोन डिजिटल तापमापक घेऊन एक उबदार लपणीच्या तळाशी आणि दुसरा थंड लपणीत ठेवावा, आणि किमान व कमाल नोंद दिवसातून दोनदा वहीत लिहावी. इन्फ्रारेड तापमापक पृष्ठभागासाठी उत्तम आहे, पण तो बंद काचेवरून रोखला तर आतल्या जमिनीचे नव्हे, काचेचे तापमान दाखवतो. उष्णतेचे प्रत्येक साधन थर्मोस्टॅटवर असलेच पाहिजे. दिवसा सगळे आकडे चोख दिसतात आणि पहाटे चार वाजता थंड बाजू 20 वर घसरलेली असते, हे किमान नोंदीवाचून कळत नाही.

आर्द्रता साधारण 60 ते 70 टक्के असावी. इथे दोन्ही टोकांना धोका आहे. हवा फार कोरडी असेल तर श्वसनमार्गाचे आतले अस्तर सुकते आणि जंतू अडवण्याची त्याची ताकद कमी होते; हवा दमट, कोंदट आणि त्यातही थंड असेल तर बुरशी आणि जिवाणू दोघांचे फावते. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हा काळ दुसऱ्या प्रकारचा. तिथे पेटीत पाणी फवारण्यापेक्षा वायुवीजन वाढवणे, पाण्याचे भांडे थंड बाजूला हलवणे आणि ओला झालेला थर लगेच बदलणे महत्त्वाचे ठरते. पुणे, नाशिक, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री घातक असतात, कारण घरातच गारठा असतो आणि वीज गेली की पेटी तासाभरात थंड पडू लागते; थर्माकोलचा खोका आणि जाड कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवाव्यात. वातानुकूलित खोलीतली पेटी हा बारमाही त्रास. अमेरिका, कॅनडा किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हिवाळ्यात वेगळीच अडचण येते: घर तापवणारी यंत्रणा हवा इतकी शुष्क करते की पेटीतली आर्द्रता नकळत 30-35 टक्क्यांवर येते. आजार दर वर्षी त्याच महिन्यांत उलटत असेल, तर संशयाची सुई आधी पेटीकडे वळवावी.

खाली अंथरायला सुताराकडचा भुसा कधीही वापरू नये. त्यात प्लायवुडची आणि देवदारासारख्या तेलकट लाकडांची धूळ असते. कोकोपीट चालते, पण पिशवीतून थेट ओतले तर त्याची बारीक धूळ उडते, म्हणून ते आधी ओलवून, पिळून घ्यावे. विष्ठा आणि लघवीचे पांढरे खडे पडून राहिले की त्यातून अमोनिया सुटतो आणि श्वसनमार्ग चुरचुरत राहतो. आजार सुरू असेपर्यंत साधा कागद अंथरणे सर्वांत सोयीचे, कारण त्यावर स्रावाचे डागही चटकन दिसतात आणि सापावरचे माइट्स म्हणजे रक्त शोषणारे बारीक किडेही. हनुवटीखालच्या घडीत, डोळ्यांच्या कडेला किंवा पाण्याच्या भांड्यात काळे, मिरीच्या पुडीएवढे ठिपके दिसले तर ते माइट्स आहेत असे समजावे. ते रक्त शोषून प्राण्याला अशक्त करतात आणि जंतू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात. त्यावर कुत्र्याच्या गोचिडांचा फवारा मारणे जिवावर बेतू शकते. औषध डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

राहिला घरातला धूर. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, प्लगला लावायची द्रवरूप औषधे, रंगाचा वास, सिगारेट यांतले काहीही अजगराच्या खोलीत नको. फिनाइलने फरशी पुसणाऱ्या घरांत हे आवर्जून सांगावे लागते की फिनॉल असलेली द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात. सर्दी म्हटली की वाफ, ओवा, कापूर, निलगिरीचे तेल हे आपल्याकडचे ओघानेच येणारे उपाय आहेत आणि घरातली वडीलधारी माणसे ते मायेपोटी सुचवतात, पण अजगराला गरम वाफेने भाजते आणि उग्र तेलांनी आधीच सुजलेला श्वसनमार्ग आणखी चिडतो. यांतले काहीही करू नये.

डॉक्टरांकडे काय मागावे

सर्पमित्रांचा साप हाताळण्याचा अनुभव दांडगा असतो, पण उपचार हे पशुवैद्याचेच काम आहे, आणि तेही सरपटणाऱ्या प्राण्यांवर नियमित काम करणाऱ्याचे. परदेशात असाल तर सरपटणारे व उभयचर प्राणी यांच्या पशुवैद्यांच्या एआरएव्ही या संघटनेच्या संकेतस्थळावर सदस्यांचा शोध घेता येतो. महाराष्ट्रात असे डॉक्टर मोठ्या शहरांतच आणि मोजके आहेत, त्यामुळे वेळ घेतानाच फोनवर विचारावे की सापाच्या श्वासनलिकेतून नमुना घेण्याची सोय आहे का. उत्तर नकारार्थी असेल तर थोडे लांबचा दवाखाना परवडतो. प्रवासात प्राणी हवेशीर कापडी पिशवीत आणि ती पिशवी उबदार खोक्यात ठेवावी. सोबत तापमानाची वही, वजनाच्या नोंदी, आधीच्या औषधांची नावे, मात्रा, तारखा आणि ती चित्रफीत न्यावी.

उलटलेल्या आजारात सर्वांत मोलाचा नमुना म्हणजे श्वासनलिका धुऊन घेतलेला द्रव. डॉक्टर तोंड उघडून, त्या उभ्या फटीतून बारीक निर्जंतुक नळी आत सरकवतात, थोडे निर्जंतुक सलाईन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. या द्रवाची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी होते आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणते जिवाणू वाढतात आणि कोणत्या औषधाने मरतात याची तपासणी, लावली जाते. बुरशीचेही कल्चर मुद्दाम मागावे, कारण सांगितल्याशिवाय ते पुष्कळदा होत नाही. नुसत्या तोंडातल्या स्वॅबचे कल्चर फारसे उपयोगी नाही, कारण निरोगी सापाच्या तोंडातही स्यूडोमोनास, क्लेब्सिएला यांसारखे जिवाणू असतात. हा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यायचा असतो. औषध चालूच असेल तर काही दिवसांचा खंड देता येईल का, हे डॉक्टर प्राण्याची प्रकृती पाहून ठरवतील. प्राण्याला धाप लागलेली असताना मात्र अहवालाची वाट पाहत बसायचे नसते. नमुना घेऊन त्याच भेटीत उपचार सुरू होतात आणि अहवाल आल्यावर औषध बदलले जाते.

एक्स-रे काढताना प्राण्याला आडवे ठेवून बाजूने आडवा किरण सोडून प्रतिमा घेतली, तर फुफ्फुसात साचलेला द्रव अधिक स्पष्ट दिसतो. सीटी स्कॅनमध्ये घट्ट पुवाचे गोळे नेमके सापडतात. तो महाग आहे, पण तिसऱ्या-चौथ्यांदा उलटलेल्या आजारात तो खर्च आंधळ्या इंजेक्शनांपेक्षा सत्कारणी लागतो.

इंजेक्शने आणि घरची शुश्रूषा

सापांमध्ये स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंवर सेफ्टाझिडीम हे प्रतिजैविक बरेच वापरले जाते आणि ते साधारण 72 तासांच्या अंतराने दिले जाते. हे अंतर नीट लक्षात ठेवावे: सोमवारी सकाळी दिले तर पुढचे गुरुवारी सकाळी. एन्रोफ्लॉक्सासिनचे इंजेक्शन सापांना फार झोंबते आणि टोचलेल्या जागी स्नायू व त्वचा खराब होऊ शकते, म्हणून ते कसे आणि किती दिवस द्यायचे याची विचारणा अवश्य करावी. अमिकॅसिनचा ताण मूत्रपिंडांवर पडतो; ते चालू असताना प्राण्याच्या अंगात पाणी पुरेसे असणे अत्यावश्यक. पारंपरिक प्रथेनुसार सापाला इंजेक्शन शरीराच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात, कण्याच्या बाजूच्या स्नायूत देतात आणि दर वेळी बाजू बदलतात. मात्रा ग्रॅममधल्या ताज्या वजनावर ठरते, त्यामुळे मागच्या वर्षीची चिठ्ठी काढून तीच मात्रा देणे धोक्याचे. आणि उपचार आठवड्यांच्या भाषेत मोजायचे असतात. लक्षणे थांबल्यावर ‘आता कशाला टोचायचं’ म्हणून औषध सोडणे हे आजार उलटण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत टाळता येण्याजोगे कारण आहे.

उपचाराच्या काळात थंड बाजूही 28-29 अंशांवर आणावी आणि रात्रीची घट बंद करावी. उबदार जागा मात्र 33 च्या वर नेऊ नये. उष्णता वाढवली की पाणी अधिक लागते, म्हणून ताजे पाणी कायम हवे. डॉक्टरांनी सांगितल्यास नेब्युलायझर वापरता येतो: झाकणाला भोके असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात प्राणी ठेवून त्यात सलाईनचे थंड तुषार सोडले जातात. त्यात औषध मिसळायचे की नाही, हा निर्णय पालकाचा नव्हे. हाताळणी इंजेक्शनापुरतीच ठेवावी. प्राणी खात नसेल तर घाबरून बळेच भरवू नये. बॉल पायथन आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो, आणि श्वास लागलेला असताना घशात कोंबलेले भक्ष्य उलटून पडण्याची भीती असते. दर आठवड्याला एकाच वाराला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यासारख्या, पण वेगळ्या काट्यावर वजन करावे. दहा टक्के घट झाली की डॉक्टरांना कळवावे.

काटा वेगळा ठेवण्याचे कारण साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब आणि ताप आणणारा जिवाणू. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही तो असतो. पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नये, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना सापापासून व त्याच्या पेटीपासून दूरच ठेवावे.

विषाणूची शंका

पेटीतले सगळे आकडे बरोबर, औषध कल्चरनुसार, मुदत पूर्ण, तरीही आजार उलटतो, किंवा घरातल्या दुसऱ्या अजगरालाही तेच होते: अशा वेळी सर्पेंटोव्हायरस या विषाणूची चाचणी करून घ्यावी. जुन्या लिखाणात याला निडोव्हायरस म्हटलेले आढळेल. 2014 मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी बॉल पायथन आणि भारतीय अजगर यांच्या न्यूमोनियात हा विषाणू प्रथम वर्णिला, आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी बॉल पायथनांना त्याचा संसर्ग घडवल्यावर त्यांना तसाच श्वसनाचा आजार झाला. तो आधी तोंड, घसा आणि वरचा श्वसनमार्ग दुखावतो, आणि मग तिथे जिवाणू घर करतात. प्रतिजैविकाने जिवाणू हटतात, काही काळ बरे वाटते, विषाणू जागच्या जागी असतो. तोंडाचा व अन्ननलिकेचा स्वॅब घेऊन पीसीआर करतात. एकदा ‘निगेटिव्ह’ आले म्हणून विषय संपत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. सोबत फेर्लाव्हायरस या सापांना श्वसनाचा आजार करणाऱ्या दुसऱ्या विषाणूचीही चाचणी मागावी. भारतात ही चाचणी सहजासहजी होत नाही; नमुना कुठे आणि कसा पाठवता येईल हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे, कारण संरक्षित प्रजातींचे नमुने देशाबाहेर पाठवायला परवानगी लागते.

चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर विषाणू मारणारे औषध नाही. काही अजगर दीर्घकाळ ठीक राहतात, पण विषाणू पसरवत राहतात. असा एकटाच प्राणी असेल तर काटेकोर उष्णता, कमी ताण आणि जिवाणूंचा जोर वाढेल तेव्हा उपचार, अशा रीतीने त्याला सांभाळता येते. घरात इतर अजगर असतील तर त्याची खोली, चिमटे, भांडी, हातमोजे सगळे वेगळे हवे आणि त्याची निगा सर्वांत शेवटी घ्यावी. त्याची पैदास करू नये, तो विकू नये, कुणाला देऊन टाकू नये. आजार लपवून खपवलेले प्राणी हे या विषाणूच्या प्रसाराचे एक ठळक कारण आहे, असे मला वाटते. नवीन आणलेला कोणताही अजगर निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा, आणि त्या मुदतीच्या सुरुवातीला व शेवटी असा दोनदा पीसीआर करावा. श्वास सतत लागलेला, वजन ढासळत चाललेले आणि औषधाला दाद मिळत नसेल, तर वेदनारहित मृत्यूचा पर्याय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा.

औषध संपल्यावर चार-सहा आठवड्यांनी, लक्षणे नसली तरी, एक्स-रे पुन्हा काढावा आणि शक्य असल्यास श्वासनलिकेचा नमुनाही पुन्हा तपासावा. आजार गेला की दबला, हे त्यातून कळते. प्राणी दगावलाच, तर शव गोठवू नये. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, घट्ट बंद पिशवीत, खाद्यपदार्थांपासून वेगळे ठेवून दिवसभराच्या आत शवविच्छेदनासाठी न्यावे, कारण गोठवल्याने ऊतींची सूक्ष्म तपासणी बिघडते. भारतात असाल तर मृत्यूची नोंद ‘परिवेश’वरही करावी लागते. अहवाल येईपर्यंत त्या पेटीत दुसरा प्राणी सोडू नये. काचेची पेटी आधी साबणाने घासून, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणाने निर्जंतुक करून, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवली तर पुन्हा वापरता येते. लाकडी लपण्या, फांद्या आणि अंथरण मात्र टाकून द्यावे.